इंदूचं माप

खर्ड्याला बाजारपेठेतून किल्ल्याकडे वळताना डाव्या हाताला बन्सी शिंप्याचं घर होतं. पुढच्या ओट्यावर काळं मशीन, वर पत्रा, एवढंच दुकान. दुसऱ्या महायुद्धाचे, लढाईचे दिवस होते. कापड कंट्रोलवर मिळायचं, तेही जाडंभरडं आणि नंबर लागेल तेव्हा. पण बन्सीचं मशीन काही थांबलं नाही. जुनं उसवून नवं करून घ्यायला लोक येत, बापाच्या धोतराचा पोराला सदरा होई, हद्दीपलीकडून, निजामाच्या मोगलाईतलंही गिऱ्हाईक येई. बन्सीचं माप चुकत नाही, असा त्याचा लौकिक होता.

माप घेण्याची त्याची एक पद्धत होती. मूल समोर आलं की त्याला पाठमोरं उभं करायचा, मानेच्या मणक्यावर अंगठा ठेवून टेप खाली सोडायचा आणि आकडा मोठ्यानं म्हणायचा. सगळं झालं की उघड्या तळव्यानं पाठीवर एक हलकी थाप द्यायचा आणि म्हणायचा, "झालं. पळ आता." खर्ड्यातल्या झाडून सगळ्या पोरांनी ती थाप खाल्ली होती. मीही खाल्ली आहे. घरी मार खायची सवय असलेली आम्ही पोरं त्या थापेनं अशी काही फुलायचो की नवा सदरा मिळतोय हे विसरून जायचो.

त्याच्या स्वतःच्या पोरीनं, इंदूनं, ती थाप कधी खाल्ली नव्हती.

बन्सीला तीन मुली झाल्या. थोरलीच्या वेळी लोकांनी 'पहिली बेटी, धनाची पेटी' म्हणून वेळ निभावली. दुसरी-तिसरीसाठी म्हण रचायची तसदी कुणी घेतली नाही. थोरली यमुना सुप्याला दिली. मधली देवीच्या साथीत गेली, तिच्यामागे रडायला तिची आईच तेवढी होती. तिसरी इंदू. इंदूनंतर नऊ वर्षं घरात पाळणा हलला नाही, आणि याचाही दोष इंदूच्याच माथी आला. बन्सीची थोरली बहीण राहीबाई लवकर विधवा होऊन भावाकडेच राहायला आली होती. ती शेजारणींना सांगायची, "या कार्टीनंच येताना मागनं दार लावून घेतलं." शेजारणी माना डोलवायच्या. त्यांना काय, त्यांची घरं पोरांनी भरलेली होती.

बन्सी वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, त्याचा राग तरी धरता आला असता. त्यानं पोरीवर कधी हात उगारला नाही, पण कधी ठेवलाही नाही. ती समोर आली की तो नजर कापडाकडे न्यायचा. तिला कपडे मिळायचे, पण गिऱ्हाइकाच्या उरल्या तुकड्यांतून, आणि अंदाजानं कापलेले. दुसऱ्याच्या पोराचं पाव इंचानं चुकलं तर उसवून पुन्हा शिवणारा हा माणूस, पण त्याच्या पोरीचं पोलकं कधी काखेत काचायचं, कधी पाठीत पोतं घातल्यासारखं लोंबायचं.

इंदू मशीनच्या पायाशी बसून काज-बटणं करायची. हात तिचा चांगला होता. समोर पोरं यायची, पाठमोरी उभी राहायची, थाप खाऊन पळायची, आणि सुई कापडात तशीच ठेवून ती बघत राहायची. आपल्यालाही कधीतरी तिथं उभं राहायला मिळावं, एवढंच तिला हवं होतं. एकदा दिवाळीच्या तोंडावर ओट्यावर पोरांची झुंबड होती. तेव्हा ती उठली आणि गुपचूप त्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिची पाळी आली. बन्सीनं न बघताच तिला पाठमोरं केलं, मणक्यावर अंगठा ठेवला. मग त्याला तिची वेणी ओळखू आली.

"तू कशापायी मधी?" तो म्हणाला. "सर बाजूला. गिऱ्हाईक खोळंबलंय."

रागावून नव्हे, साध्या आवाजात म्हणाला. ती बाजूला झाली आणि खाली बसून पुन्हा काज करू लागली. तो अंगठा तिथं टेकला होता, ती जागा ती किती तरी दिवस अंघोळीच्या वेळी हातानं चाचपून बघायची.

पुढच्या सालच्या पावसाळ्यात तिच्या आईला, भागीरथीला, पुन्हा दिवस गेले. घराचा नूर पालटला. राहीबाईनं कंट्रोलची साखर डब्यात साठवायला सुरुवात केली, मुलगा झाला की वाटायला. त्याबरोबर तिनं दुसरीही तयारी केली होती आणि ती कुणापासून लपवली नव्हती. जामखेडला एक मुलगी पाहून ठेवली होती. "पोरगा झाला तर सोन्याहून पिवळं," ती भागीरथीच्या तोंडावर म्हणायची. "आन् पोरगी झाली तर बैशाखात बन्सीचं दुसरं लगीन. मंग मला बोल लावू नकोस." बन्सी हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. भागीरथीही भाकरी थापत राहायची. दुसरं काय करणार होती?

इंदूला राहीबाईनं वेगळंच सांगितलं. एका दुपारी तिच्या डोक्यात तेल घालता घालता म्हणाली, "तुझ्या पाठीवर भाऊ आला ना, तर तुझं माप घेत्याल."

इंदूनं मान वळवली. "कोन?"

"तुझा बाप. शिंप्याच्या घरची रीतच हाय ती. ज्या पोरीमागं भाऊ येतो, तिला बापानं त्याच दिशी माप घिऊन नवं पोलकं शिवायचं. बन्सी झाला तवा माझं घेतलं हुतं आमच्या दादानं, माझ्या बापानं. हिरवा खण हुता." राहीबाईचा हात तिच्या डोक्यावर थांबला. "तेवढंच एकदा घेतलं."

मग ती भानावर आली आणि तिनं वेणी करकचून आवळली. पण त्या दिवसापासून इंदूनं देवाकडे एकच मागणं धरलं. भावाशी तिला काही घेणंदेणं नव्हतं. माप घेतलं जावं म्हणून तिला भाऊ हवा होता. बन्सीनंही लढाईच्या आधी घेऊन ठेवलेला एक चांगला खण ट्रंकेतून काढला आणि मशीनच्या कप्प्यात आणून ठेवला. जांभळा होता, काठ तांबडा. कुणाचा म्हणून कुणी विचारलं नाही. इंदू रोज कप्पा उघडून खणावरून हात फिरवायची आणि पुन्हा बंद करायची.

माघातल्या एका बाजारच्या दिवशी, सकाळपासूनच भागीरथीच्या पोटात कळा येऊ लागल्या. भीमा सुईण आली. मागच्या खोलीचं दार लागलं. पुढे ओट्यावर बाजारची गर्दी, मोगलाईतले लोक, गुरं, धूळ. बन्सी मशीनवर बसला होता खरा, पण पाय चालत नव्हते. आमच्याकडे मुलगा झाला की सुईण थाळी वाजवते. मुलगी झाली की काही वाजत नाही, सुईण मुकाट बाहेर येऊन हात धुवायला पाणी मागते. सगळी पेठ कान लावून बसली होती. राहीबाई तर साखरेचा डबा मांडीवर घेऊन उंबऱ्यात ठाण मांडून होती.

दुपार कलली तेव्हा भीमानं आतून कढत पाणी मागितलं. इंदू घंगाळ घेऊन आत गेली. आत गेली ती नेमकी त्याच घटकेला. मूल रडलं. भीमानं नाळ कापली, मूल पुसलं, आणि काही न बोलता फडक्यात गुंडाळून भागीरथीच्या कुशीत ठेवलं. तिचं ते न बोलणंच पुरेसं होतं. इंदूनंही पाहिलं होतं. तिच्या हातातलं घंगाळ जड झालं, ते तिनं खाली ठेवलं.

भीमा पदराला हात पुसत दाराकडे निघाली.

"भीमामावशी," भागीरथी म्हणाली, "थाळी वाजव."

"पोरी, शुद्धीवर हायस का? पोरगी हाय."

"दिसतंय मला. वाजव."

"माझं तोंड काळं करतीस का गावात? पोरीची थाळी कुनी वाजवली हाय कधी?"

भागीरथी कोपरावर भार देऊन उठून बसली. केस कपाळाला चिकटलेले, ओठ पांढरे पडलेले. "तीन डाव मी हितं अशी पडून कान लावून बसले," ती म्हणाली. "तिन्ही डाव सामसूम. आत माझी लेकरं रडत हुती, आन् भाईर माणूस मेल्यावानी गप. एक डाव मला ऐकायची हाय. मंग माझं काय व्हायाचं ते हुईल. ते तर व्हनारच हाय."

भीमा जागची हलली नाही. तेव्हा भागीरथीनंच हात लांब केला, कोनाड्यातली पितळी थाळी मांडीवर ओढली, शेजारचं उलथनं उचललं आणि वाजवू लागली. अंगात त्राण नव्हतं, पण नऊ वर्षांचं काही तरी त्या हातात होतं. थाळी अशी वाजली की पेठेच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेली. वाजवता वाजवता ती हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते बाळाच्या फडक्यावर पडत होतं.

"आये," इंदू घाबरून म्हणाली, "कुनी इचारलं तर?"

"थाळी वाजल्यावर कोन इचारतं? जा तू भाईर."

आणि खरंच कुणी विचारलं नाही. विचारायचं सुचणारच कुणाला? गावात इतक्या पिढ्या इतक्या थाळ्या वाजल्या, त्यातली एक खोटी निघाली नव्हती. ओट्यावर एकच कल्ला झाला. कुणी बन्सीला मिठी मारली, कुणी त्याच्या कपाळाला गुलाल फासला. राहीबाई खरं तर आधी आत जायची, पण नऊ वर्षं जिनं जिनं खोचून विचारलं होतं, तिच्या तिच्या हातावर साखर ठेवल्याशिवाय तिला चैन पडेना. ती डबा घेऊन थेट समोरच्या घरात शिरली, तिथून पुढच्या.

बन्सी मशीनला धरून उभा होता. त्याचा चेहरा असा कधी कुणी पाहिला नव्हता. नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यासारखा, एक चुणी नाही. त्याची नजर दारातल्या इंदूवर गेली आणि या खेपेला ती कापडाकडे वळली नाही.

"इंदे," तो म्हणाला. "ये, बाळ. हितं हुबी ऱ्हा."

इंदू गेली. जिथं सगळी पोरं उभी राहायची तिथं पाठमोरी उभी राहिली. तिला सगळं ठाऊक होतं. तोंड उघडायचं आणि सांगायचं, एवढंच करायचं होतं. तिच्या मणक्यावर त्याचा अंगठा टेकला, आणि तिनं तोंड मिटून घेतलं.

त्यानं गळ्याचं माप घेतलं, आकडा मोठ्यानं म्हटला. छातीला टेप आवळली. इंदूनं श्वास धरून ठेवला होता. "सोड श्वास," तो हसून म्हणाला, "न्हाईतर पोलक्यात मावायची न्हाईस." मग त्यानं टेप मानेपासून कमरेपर्यंत सोडली, तळवा पाठीवर पसरून ती सपाट केली आणि आकडा बघून तो थबकला. पुन्हा एकदा मोजलं.

"एवढी कवा झालीस गं तू?" तो म्हणाला. "मी तर लई बारकी समजून कापत हुतो. कसं बसत हुतं तुला?"

"बसत नव्हतं दादा," इंदू म्हणाली.

त्याचा हात तिथंच राहिला, टेपचं काम संपलं तरी. लोक येत होते, हसत होते, त्याला काहीबाही म्हणत होते, तो 'व्हय व्हय' करत होता आणि हात पोरीच्या पाठीवर होता. इंदू डोळे मिटून उभी होती. त्या हाताखाली तिला इतकं सुख झालं की रडू आलं. पलीकडच्या घरांतून राहीबाईचा आवाज ऐकू येत होता, तो तिथंच राहावा, तिनं अख्ख्या खर्ड्याला साखर वाटावी, डब्याचा तळ लागू नये, असं ती मनात म्हणत होती.

"बाह्यांचं मागनं घेतो," बन्सी म्हणाला. "आधी अंग कापून बघू, बाह्यांना खण किती उरतो ते." त्यानं जांभळा खण फळीवर पसरला, खडूनं आखलं आणि कात्री घातली. पाठ कापून झाली. पुढच्या दोन्ही बाजू कापून झाल्या. कात्रीचा तो कुरकुर आवाज इंदू कान देऊन ऐकत होती. कापलेलं कापड परत जोडून खण होत नाही, एवढं शिंप्याच्या पोरीला कळतं.

तेवढ्यात राहीबाई रिकामा डबा घेऊन परतली आणि आत गेली. मग ती दारात आली. ओरडली वगैरे नाही. कोरड्या तोंडानं म्हणाली, "बन्सी, पोरगी हाय. थाळी भागीनं वाजवली."

ओट्यावरची माणसं आधी हसली, त्यांना थट्टा वाटली. मग राहीबाईचा चेहरा पाहून गप झाली आणि एकेक करून बाजाराच्या कामाला लागली. तोंडातली साखर विरघळायच्या आत माणसं कशी निघून जातात, ते त्या दिवशी बघण्यासारखं होतं.

बन्सीच्या हातात कात्री तशीच होती. चेहऱ्यावरचं सगळं उतरलं होतं, कपाळावरचा गुलाल तेवढा राहिला होता. त्यानं इंदूकडे पाहिलं. "तू आत गेल्तीस पानी घिऊन," तो सावकाश म्हणाला. "तुला ठावं हुतं?"

इंदूनं मान डोलावली.

"मंग बोलली का न्हाईस?"

"माप राहिलं असतं," इंदू म्हणाली.

राहीबाई पुढे झाली होती, खण उचलून घ्यायला. ती तिथंच थांबली. तिनं फळीवरच्या कापडाकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि आत निघून गेली. बन्सीनं मान खाली घातली आणि उरलेल्या खणाच्या बाह्या कापल्या. बाह्यांचं माप घ्यायचं राहिलं होतं. टेप त्याच्या गळ्यातच होती, इंदूही हात पुढे करून तिथंच उभी होती. पण त्यानं त्या अंदाजानंच कापल्या. संध्याकाळपर्यंत मशीन चालवून पोलकं पुरं केलं आणि घडी घालून तिच्यासमोर ठेवलं. लढाईच्या दिवसांत कापलेला खण वाया घालवणं शिंप्याला जमलं नसतं, असं गाव म्हणालं. असेलही. मला मात्र ते कधी पुरतं पटलं नाही.

'पोरीची थाळी' हा पुढे कितीतरी दिवस पेठेत थट्टेचा विषय झाला. भीमा देवाची शपथ घेऊन आपण हात लावला नाही म्हणून सांगत फिरली. भागीरथीला कुणी टोचून बोललं तर ती एवढंच म्हणायची, "ऐकली ना तुमी? मीबी ऐकली." आणि मांडीवरच्या पोरीला पाजत राहायची.

वैशाखात बन्सीचं दुसरं लग्न झालं. राहीबाईनं शब्द खरा केला, आणि बन्सीनं नाही म्हटलं नाही. गाव जेवायला गेलं. भागीरथी धाकटीला घेऊन घरीच राहिली, पण इंदूला राहीबाईनं जामखेडला नेलं, करवली म्हणून. आपल्या बापाच्या लग्नात करवली. तिनं तेच जांभळं पोलकं घातलं होतं.

नवरी पंधरा वर्षांची होती. मांडवात गर्दी हटल्यावर ती घटकाभर एकटीच बसली होती. अंगातली चोळी दुसऱ्या कुणाची असावी, ती खांद्यावरून सारखी घसरत होती. शेजारी उभ्या इंदूच्या पोलक्याकडे ती किती तरी वेळ बघत राहिली.

"पाठीत किती छान बसलंय गं," ती हळूच म्हणाली. "कुनी शिवलं?"

"आमच्या दादानं."

"आसंच, अंदाजानं?"

"न्हाई. माप घिऊन," इंदू म्हणाली. आणि ढिल्या बाह्या दिसू नयेत म्हणून दोन्ही हात पुढे घट्ट बांधून, नवरीला नीट बघता यावं म्हणून ती पाठमोरी उभी राहिली.